सहीच्या वरच्या ओळी

"समजलं मले, सही कुठं करू?" ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू एवढंच म्हणालीस, आई. मी शेजारी उभी होते, बारावीतली. पानभर मजकुरावरून तू बोट फिरवलंस आणि सही केलीस. त्या ऑपरेशननंतर तू नालवाडीच्या घरी परत आली नाहीस. त्या कागदातलं तुला खरंच काय समजलं होतं, हे मी विचारलं नाही.

वाचलेलं लोकांना कसं समजतं, हे तपासणं आता माझं काम आहे. सेवाग्रामला एका लहानशा खोलीत आम्ही बसतो. मजकुरात प्रत्येक वाक्यानंतर लाल ठिपका असतो. वाचणाऱ्याने तिथे थांबायचं आणि मनात आलेलं मोठ्याने बोलायचं. मी फक्त "बोलत राहा" म्हणू शकते. मानसुद्धा डोलवायची नाही. लोक लाजतात. तुला हे शिकवावं लागलं नसतं. भाजी निवडताना तू पेपर वाचायचीस आणि ओळीओळीला भांडायचीस, "पुन्हा उद्घाटन! अरे, मागच्या पुलाले कठडे तं लावा!" एकदा मैत्रिणी आलेल्या असताना मी म्हणाले, "आई, मनात वाच ना." तू हसलीस. "बरं, मास्तरीणबाई." त्यानंतर तू मनातच वाचू लागलीस.

परवा हिंगणघाटच्या एक बाई ऑपरेशनआधीच्या संमतीपत्राचा नमुना वाचत होत्या. 'धोके मला समजावून सांगितले आहेत' या वाक्यापाशी थांबल्या. "माह्या ऑपरेशनच्या वेळी असाच कागद होता. काईच समजलं नव्हतं मले. तरी समजलं म्हटलं." मी नियम मोडला. "मग विचारलं काऊन नाई?" त्या म्हणाल्या, "लेक उभी होती ना बाजूले. मी विचारलं असतं, तं घाबरली असती."

मी मध्ये प्रश्न विचारला, म्हणून ते रेकॉर्डिंग अभ्यासातून बाद झालं. वहीत मी तसं कारण लिहिलं. ते रेकॉर्डिंग पुसायला हवं होतं. अजून पुसलेलं नाही. त्या बाईंचं उत्तर तेच तुझं, असं मला धरता येत नाही. एकाच्या मनातलं दुसऱ्याच्या नावावर लिहायचं नसतं, हे नव्या मुलींना मीच शिकवते. म्हणून तुलाच म्हणते, तो कागद एकदा माझ्यासमोर वाच. प्रत्येक ओळीला थांब, मनात येईल ते बोल. मी मध्ये बोलणार नाही. तू मला अभ्यासाला बस म्हणून उठवून लावशील, ठाऊक आहे. तरी वाच.