बॅन उठवणारच!

६ जुलै, रविवार
कंपनीने मला बॅन केलं. मला! सकाळी गेमच्या कन्सोलवर फुटबॉल मॅचला बसलो, तर स्क्रीनवर पाटी: कन्सोलमध्ये अनधिकृत बदल आढळला, ऑनलाइन सेवा कायमची बंद. बदल म्हणे! सुधारणा केली मी. फुकटचे गेम चालावेत म्हणून आतलं सॉफ्टवेअर स्वतःच्या हाताने बदललं, मॉड केलं म्हणतात ते. तिकडे मस्कतला माझा धाकटा भाऊ सुशांत वाट बघत बसला. तो फोन कधी करत नाही. रविवारी फुटबॉल खेळताना काय बोलेल तेवढंच. चोर लेकाचे कंपनीवाले!

७ जुलै, सोमवार
डोकं शांत. 'कायमची' हे नुसतं घाबरवायला लिहितात. ऑफिसच्या प्रिंटरवर 'हात लावू नये' लिहिलंय, रोज लावतो. संकल्प: रविवारच्या आत बॅन उठवणार. माफी मागणार नाही.

८ जुलै, मंगळवार
कंपनीच्या चॅटवर तासभर भांडलो. समोर रोबो निघाला. तरी शेवटी सॉरी म्हणाला. म्हणजे चूक कबूल.

९ जुलै, बुधवार
युक्ती सापडली. मागे हेल्मेट नव्हतं म्हणून हवालदाराने धरलं, तेव्हा म्हटलं होतं, साहेब, ते बघा तिघे बिनहेल्मेट, ते बरे चालतात? वैतागून सोडलं मला. तसाच मेल ठोकला. मी एकटाच का? आमच्या बिल्डिंगमधले प्रीतम आणि बाळा, मस्कतचा सुशांत, सगळ्यांचे कन्सोल मीच मॉड केलेत, ते बरे चालतात! पुरावा म्हणून आयडी जोडले. सुशांत गेल्या गणपतीत आला होता, तेव्हा त्याचा तर हौसेने करून दिला होता. मानसी म्हणाली, अरे, त्यांची नावं कशाला घालतोस? बायकोला कायद्यातलं कळत नाही.

११ जुलै, शुक्रवार
उत्तर आलं. माहितीबद्दल आभार. आभार मानले, आभार! मानसीने कपाळाला हात लावला. जळते.

१२ जुलै, शनिवार
प्रीतम आणि बाळा दारात. दोघेही बॅन. अख्ख्या मजल्याला ऐकू जातील अशा शिव्या. बाळाने तर चप्पल काढली. कृतघ्न साले! करून दिलं तेव्हा झकास झकास करत होते. मी काय केलं? वाट लावली ती कंपनीने.

१३ जुलै, रविवार
सुशांतचा फोन आला. स्वतःहून! बराच वेळ बोलला, बहुतेक शिव्याच. त्याचाही कन्सोल गेला. म्हटलं, केस टाकू. म्हणाला, नको, नवा घेतलाय, अकाउंटही नवीन काढलंय. म्हटलं, मग मीही नवा घेतो, आयडी सांग.
दादा, गणपतीत भेटू, म्हणाला आणि फोन ठेवला.
आयडी सांगायचा विसरला असेल.