कासेरेसची वही

निमगाव सावा, ता. जुन्नर
५ डिसेंबर १९९८

चि. प्रज्ञास,
सप्रेम जयभीम वि. वि.

पत्र पोचले. स्पेनमधील त्या जुन्या शहरात सरदारांच्या घरांचे दगड दुरुस्त करण्याचे काम तुला आणखी तीन वर्षे देऊ करतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. मत विचारलेस, म्हणून स्पष्ट लिहितो : खुशाल सही कर. आमची काळजी नसावी. ('दुरूस्ती' असे तू तीनदा लिहिले आहेस. 'रु' ऱ्हस्व.)

नेहमीप्रमाणे एकच प्रश्न. माझे वडील धर्माजी गावकीचे निरोप घेऊन इनामदारांच्या दारात उभे राहत. उंबऱ्यापलीकडचे त्यांना कधी दिसले नाही. कासेरेसच्या सरदारांकडे निरोप्या कोठे उभा राही?

तुझी आई म्हणते, की निरोप्याचं ऱ्हाऊ द्या, पोरीला भाकर मिळती का ते इचारा. तिचे शब्द दुरुस्त करण्याचे धाडस मी चाळीस वर्षांत केलेले नाही.

लोभ आहेच, तो उत्तराची वाट पाहतो.

तुझे बाबा,
तुळशीदास

कासेरेस
१८ जानेवारी १९९९

ती. बाबांस,
सादर जयभीम वि. वि.

निरोप्या थेट आत येई, बाबा! दाराआड घोडाही मावेल एवढी दगडी देवडी आहे. तेथे तो थांबे. त्या दाराची किल्ली सध्या माझ्या कमरेला असते.

दोन वर्षे आपण एका पत्रात एकच प्रश्न विचारता आणि उत्तराला महिना लागतो, याचे वाईट वाटायचे. म्हणून नाताळच्या सुट्टीत दोनशे पानी वही भरली. सांता मारिया, सान मातेओ, एकूण एक चर्च, मनोऱ्यांवरची करकोच्यांची घरटी, राणीच्या हुकमाने छाटलेले सरदारांचे बुरूज, दारांवर कोरलेली घराण्यांची चिन्हे, सगळे चित्रांसह. आता आपल्याला काही विचारावेच लागणार नाही.

सहीची मुदत ३१ मार्च. आपले खरे मत कळवावे. आईला सांगा, भाकरी मीच थापते. पीठ मक्याचे, म्हणून कडा फाटतात.

आपली, ऱ्हस्व-दीर्घात कच्ची,
प्रज्ञा

निमगाव सावा
२४ मार्च १९९९

चि. प्रज्ञास,
सप्रेम जयभीम वि. वि.

वही फेब्रुवारीतच मिळाली. उत्तर मुद्दाम लांबवले.

वही उत्तम आहे. मनोऱ्यावरचा करकोचा पाहून आई म्हणाली, की लई उंचावर संसार थाटलाय बाईनं. सगळे वाचून झाल्यावर मी कागद घेऊन बसलो, तेव्हा विचारण्याजोगे काही उरले नव्हते. शेजारच्या प्रयागबाई विचारतात, की गुरुजी लेकीवर रुसलं का काय.

खरे लिहितो. धर्माजींविषयीचा प्रश्न मनापासून होता. बाकी चर्च आणि बुरूज यांचे मला फारसे अगत्य नव्हते. एक प्रश्न गेला, की तुझे एक पत्र येई; दोन विचारले असते, तरी पत्र एकच आले असते. पुढचे चाळीस प्रश्न मी लिहून ठेवले होते. तू सगळ्यांची उत्तरे एकदम दिलीस.

'खुशाल सही कर' हे माझे वाक्य निर्दोष होते आणि खोटे होते.

पोस्टमन सावळेरामकडून दिवस मोजून घेतले आहेत. हे पत्र तुला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिळेल. तोवर सही झालेली असेल. व्हावीच. माझ्या शब्दाने तुझा हात अडू नये, एवढ्यासाठी थांबलो होतो. आता लिहिण्यास हरकत नाही : तू घरी यावेस, असे आम्हा दोघांनाही रोज वाटते. तुझी आई ते चुलीपुढे बसून मोठ्याने बोलते. मला हे एक वाक्य लिहिण्यास दीड महिना लागला.

उत्तराची घाई नाही. लोभ असू दे.

बाबा