जावईबापू आणि बटणांचा गालिचा

शनिवार, ३ तारीख. सकाळ.
मुलगा आणि सूनबाई गेले. सूनबाईला कंपनीचं ट्रेनिंग, मुलाला तिच्या बॅगा उचलायचं. पुढच्या पुढच्या रविवारी परत. तोवर घरात मी आणि मुलाची माशांची, खाऱ्या पाण्याची टाकी.

सूनबाईने फोनवर एक बटण दाखवून ठेवलंय. दाबलं की तो तारीख टाकतो आणि मी बोलेन ते उतरवून घेतो. काय उतरवतो ते मला वाचता येत नाही, त्यामुळे आमच्यात भांडण नाही.

तर पैज. माझी मुलगी वर्षभर एकच सूर लावून बसलीय. दादा-वहिनी दिवसभर बाहेर, आईने घरात एकटं राहायचे दिवस संपले, माझ्याकडे खोली तयार आहे. खोलीला खिडकी आहे, असं सांगते. खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत आहे, हे सांगत नाही. शेवटी ठरलं. मुलगा येईल तेव्हा मी धडधाकट आणि टाकी जशीच्या तशी, तर खोलीचा विषय कायमचा बंद. नाहीतर मी बॅग भरायची.

टाकीत काय, तर एक पिवळी मासोळी, थोड्या गोगलगाई आणि मधल्या दगडावर मुलाचा जीव की प्राण, बटणांचा गालिचा. प्रवाळ आहे म्हणतो तो. मला तर शर्टाच्या बटणाएवढी हिरवी फुलं एकमेकांना खेटून बसलेली दिसतात, प्रत्येकाला झालर. नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवलाय त्याने. आणि बटणांतलं मला कोण शिकवणार? हयात गेली शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करण्यात.

निश्चय: सांगितलंय तेवढंच करायचं. जास्तीचा हात कशालाही लावायचा नाही.

रविवार, ४ तारीख.
दगडाच्या कडेला काचेसारखी तपकिरी फुलं उगवलीत. मुलगा म्हणाला होता, ते तण आहे, आलो की बघतो. ‘आलो की बघतो’ हे त्याच्या वडिलांचं वाक्य. तेही बघायचे राहिले.

निश्चय बदलला. जशीच्या तशी कशाला? होती त्याहून चांगली परत करायची. मुलीचं तोंडच बंद.

सोमवार, ५ तारीख.
माशांच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार म्हणाला, आजी, हे तण खाणारी कोळंबी मिळते. दोन टाक्या दाखवल्या. एकीत बारीक, अंग चोरून बसलेल्या. दुसरीत पाठीला पोक, मोठे डोळे, लाल-पांढरे पट्टे आणि ह्या लांब मिशा. त्यातला एक सरळ काचेशी येऊन माझ्याकडे बघत उभा राहिला. म्हटलं, हा द्या.

दुकानदार म्हणाला, तो नको, आजी. दिसायला भाऊ वाटतात, पण हा तण खात नाही, प्रवाळ खातो. म्हटलं, बाळा, गिऱ्हाईक उंबऱ्यात असतानाच मी ओळखायचे, कोण माप तीनदा बदलायला लावणार. मला नको शिकवू. न खपलेल्या त्या मरतुकड्या खपवायच्या होत्या त्याला, दुसरं काय! मान हलवत त्याने पिशवी बांधली.

टाकीत सोडल्यावर त्याने एक फेरी मारली, सगळ्यांत चांगल्या सावलीत बैठक जमवली आणि जेवण कुठून येतं तिकडे तोंड करून बसला. नाव तिथेच ठरलं. जावईबापू.

मंगळवार, ६ तारीख.
खाणं टाकलं की जावईबापू पहिले हजर. तण जिथल्या तिथे. पण सासुरवाडीला आल्या आल्या कोण कामाला लागतं? गालिच्याच्या कडेची काही बटणं मिटून बसलीत. दमली असतील.

संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल. सगळं उत्तम, म्हटलं. नव्या पाहुण्याचं सांगितलं नाही. सरप्राइज.

गुरुवार, ८ तारीख.
गालिच्याला टक्कल पडलंय. कडेला, अंगठ्याच्या नखाएवढं.

निसटलेलं बटण आणि ओढलेलं बटण यांत फरक असतो. निसटलेलं दोरा मागे ठेवतं, ओढलेलं कापडही घेऊन जातं. इथे खाली नुसता पांढरा दगड. म्हणजे कुणीतरी ओढलंय.

जावईबापूंवर संशय घेणं शक्य नाही. ते दिवसभर दगडाखाली झोपून असतात. पिवळी मात्र सारखी तिकडे घुटमळते. तिला गाळणीने पकडून, भाजी धुवायच्या जाळीच्या डब्यात घालून, डबा टाकीतच कडेला टांगला. चोर सापडला. आज छान झोप लागेल.

शनिवार, १० तारीख.
टक्कल वाढलं. पिवळी कैदेत असून वाढलं, म्हणजे गोगलगाई. त्यांनाही डब्यात घातलं. पिवळी माझ्याकडे अशी बघते की जणू मीच हिचं काही खाल्लंय.

रविवार, ११ तारीख.
टाकीत आता जावईबापू एकटे. तरी बटणं गेलीच. म्हणजे प्रश्न टाकीबाहेरचा आहे. काल मुलगी येऊन गेली, अंगाला सेंटचा घमघमाट. त्याचंच असणार.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, आई, गालिचा दाखव जरा. मी फोन छताकडे धरला. पंखा दाखवला, पडदा दाखवला. म्हटलं, हात थरथरतो रे, वयच झालं. त्याने घाईने फोन ठेवला.

तासाभरात मुलीचा फोन. हात थरथरतात म्हणे तुझे? कधीपासून? डॉक्टरला दाखवलंस? अगं, माझा हात अजून सुईत दोरा ओवतो! पण आता हे सांगायचं कसं? उद्या डबा घेऊन येते, म्हणाली. नको म्हटलं, पोट बरं नाही. तर म्हणाली, पोटही बरं नाही?

निश्चय: यापुढे एकच खोटं बोलायचं आणि तेही नीट.

सोमवार, १२ तारीख. दुपार.
टाकीचा दिवा घालवला, पडदे ओढले, भर दुपारी काळोख केला. बॅटरीच्या काचेला लाल कापड बांधलं, म्हणजे टाकीतल्या कुणाला कळायला नको. स्टूल घेऊन श्वास रोखून बसले.

जावईबापू बाहेर आले. मिशा आवरत गालिच्यावर चढले. पहिल्यांदा वाटलं, झाडतायत. मग दोन्ही हातांनी एक बटण धरलं, मागे रेलून खेचलं. सुटेना, तर पाय रोवले. सुटलं, आणि तोंडात घातलं. दुसरं धरलं. मी काचेवर टकटक केली. ढिम्म. मी ओरडले. त्यांनी माझ्याकडे बघून तिसरं धरलं.

पोरगा येऊन काय बघणार? दगड!

दुकानदार म्हणाला होता खरं. पण फार हळू म्हणाला होता.

मंगळवार, १३ तारीख.
प्लास्टिकची बाटली कापली, तोंड उलटं खोचलं, आत खाण्याचा गोळा ठेवला. आत शिरायला सोपं, बाहेर पडायला अवघड. डोकं लागतं याला.

बुधवार, १४ तारीख.
गोळा नाही. बाटली रिकामी. जावईबापू बाटलीच्या डोक्यावर बसलेले. गालिचा आता रुमालाएवढा.

मुलाचा फोन वाजला, घेतला नाही. परत वाजला. उशीखाली घातला.

शुक्रवार, १६ तारीख.
आज त्यांना हातानेच धरणार. बाही वर केली, स्वयंपाकघरातला चिमटा घेतला, स्टुलावर चढले.

(नंतर.)
आधी जे झालं ते असं. जावईबापू गालिच्यामागे पळाले, मी चिमटा घातला, चिमटा दगडाला लागला आणि गालिच्याचा दगड आडवा झाला, बटणं खाली तोंड करून मागच्या फटीत. तसंच राहिलं तर उरलीसुरलीही गुदमरणार. मी खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटं टेकत होती, पकड बसत नव्हती. पाणी जमिनीवर, स्टूल डुगडुगतंय, एक पाय हवेत. आता मागेही येता येईना. हात काढला तर तोल जाणार, नाही काढला तर किती वेळ असं लोंबकळणार?

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. फोन घेत नाही म्हणून मुलगी धावत आलेली. मला वाटलं, आता आरडाओरडा. तिने नुसतं येऊन माझ्या कमरेला घट्ट मिठी मारली आणि उभी राहिली. तिचं काळीज माझ्या पाठीवर धाडधाड आपटत होतं. मी म्हटलं, अगं, टाकी साफ करत होते. तिने मला खाली उतरवलं, भांड्यांचे हातमोजे चढवले, दगड उचलून सरळ केला, जमीन पुसली. तरी काही बोलली नाही. तिचं बोलणं मला झेपतं. न बोलणं फार जड असतं.

शनिवार, १७ तारीख.
मुलीने दुकानदाराला बोलावलं. चहाला उकळी यायच्या आत त्याने जावईबापूंना पकडलं. जाळी होती त्याच्याकडे, जाळीने कुणीही पकडेल. पिवळी सुटली, गोगलगाई सुटल्या. तो म्हणाला, वाईट नाही हो हा, आजी. याची जागा चुकली. प्रवाळ नसलेल्या छोट्या टाकीत सुखाने राहील.

मुलगी म्हणाली, माझ्याकडे ठेवते.

रविवार, १८ तारीख.
मुलगा आला. बॅग खांद्यावरच ठेवून टाकीसमोर उभा राहिला. मग म्हणाला, मधली उरलीत की, आई. वाढतील. वाक्य चांगलं होतं, पण ते बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. सूनबाईने चहा टाकला. पैजेचं कुणी काढेना.

शेवटी मीच म्हटलं. बघा, काच शाबूत, पंप चालू, पाणी स्वच्छ. टाकी जशीच्या तशीच आहे. बटणं जरा इकडेतिकडे. मुलीने मुलाकडे बघितलं, मुलाने कपाकडे.

मग मी स्वतःहून ठरवलं. जावईबापूंच्या सवयी मला ठाऊक, मुलीला एकटीला ते आवरायचे नाहीत. चार दिवस जाऊन बसवून देते त्यांना. बॅग छोटीच घेतली.

सोमवार, १९ तारीख.
मुलीचं घर. खोलीला खिडकी आहे. समोर भिंत आहे, मी सांगितलंच होतं.

खिडकीत जावईबापूंची टाकी. एक दगड, खाली वाळू, बाकी काही नाही. खरा जावई ऑफिसला जाताना डोकावला. विचारलं, आई, याचं नाव काय ठेवलंत? म्हटलं, अजून सुचलं नाही.

सकाळपासून आम्ही दोघं काचेला तोंड लावून भिंतीकडे बघतोय. त्यांचं मला माहीत नाही, मी मजेत आहे. चार दिवसांचाच तर प्रश्न.

कपडे ठेवायला कपाट उघडलं, तर आत माझे स्वेटर, शाल, लोकरीचे मोजे, सगळं आधीच लावलेलं. मुलीला हाक मारली. म्हटलं, एवढा उकाडा, चार दिवसांसाठी स्वेटर कशाला आणलेस?

ती दारात उभी राहून म्हणाली, असू दे, आई.

म्हटलं, असू दे.