पाणी न लागणारा स्लॅब

रविवार, १२ फेब्रुवारी
सकाळचे साडेसात

प्रिय ताई,

कामाचे हातमोजे धुऊन दोरीवर घातले आणि लगेच लिहायला बसलो. अण्णा इथून असे अचानक का निघाले, हे तू फोनवर दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी 'त्यांना करमेना' म्हणालो. तुझ्या मागे त्यांचा खोकला ऐकू येत होता, मग खरं कसं सांगणार?

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे सिमेंट नसतं. वीजकेंद्रातली राख आणि पोलादाच्या भट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, एकत्र करायची, त्यात कॉस्टिक सोडा आणि सिलिकेटचं द्रावण ओतायचं. दगडासारखा घट्ट होणारा माल तयार होतो, त्याला जिओपॉलिमर म्हणतात. आगीत तो सिमेंटसारखा तडकत नाही, आम्लालाही सहसा दाद देत नाही. पण द्रावण अंगावर उडालं तर कातडी भाजते आणि प्रमाण चुकलं तर माल घमेल्यातच घट्ट होऊन बसतो. म्हणून मी वजन दोनदा करतो आणि खोलीवर आल्यावर मनात पुन्हा करतो. इथे सगळे मला 'तराजू' म्हणतात.

जन्मभर गवंडीकाम केलेल्या अण्णांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. फाटकापाशी उलट्या घमेल्यावर बसून ते बघत राहायचे. "सिमेंट नको, पाणी नको, उद्या गवंडीही नको म्हणाल," असं एकदा म्हणाले आणि सगळे हसले. तेही हसले. मला मात्र फार बरे दिवस होते ते, ताई. कामावरून आल्यावर कुलूप काढावं लागत नव्हतं. मीठ कमी पडलं तर सांगायला कोणीतरी होतं.

गेल्या महिन्यात आम्ही नमुन्याच्या खोलीचा स्लॅब टाकला. तो पसंत पडला तर मोठं काम मिळणार होतं, म्हणून मी धास्तावलेलो होतो. अण्णांना नीट बजावलं होतं की सिमेंटच्या स्लॅबसारखं याला पाणी मारायचं नसतं; ओला असताना पाणी पडलं तर आतला सोडा धुऊन जातो, वरचा थर कच्चा राहतो. नुसतं प्लॅस्टिक झाकून ठेवायचं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर प्लॅस्टिक नीट घडी करून बाजूला ठेवलेलं. स्लॅबच्या चारही कडांना मातीच्या पाळी घातलेल्या आणि आत पाणी भरलेलं. पाळी इतक्या सरळ होत्या की कोणाचा हात आहे ते विचारायची गरजच नव्हती. पाणी काढलं तर खाली पांढरी बुरशी आल्यासारखं झालेलं, नखाने ओरखडा उठत होता. आमच्या इंजिनिअर मॅडमनी विचारलं, हे कोणी केलं? मी तोंड उघडायच्या आत अण्णा पुढे झाले. "मी. पाण्याशिवाय पिकलेला स्लॅब उभ्या जन्मात पाहिला नाही. हा तडकला असता, तर पोराची नोकरी गेली असती."

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तोडून पुन्हा टाकू. त्याच जर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अण्णा दिवसभर फाटकाबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. संध्याकाळी आम्ही दोघं जेवलो, त्यांनी माझं ताट धुतलं आणि सकाळी पिशवी घेऊन निघाले. मी थांबा म्हणालो, तर म्हणाले, आता इथे माझं काय काम?

नवा स्लॅब टाकून झाला, चाचणीत पास झाला. सगळ्यांनी पाठ थोपटली. खोलीवर आलो आणि ही बातमी कोणाला सांगायची ते कळेना. मग शेजारच्या इस्त्रीवाल्याला सांगितली. तो बरं म्हणाला आणि कॉलरवर इस्त्री फिरवायला लागला.

ताई, इथपर्यंतचं तुझ्यासाठी. अण्णांना वाचता येत नाही आणि फोन दिला की ते 'ठीक आहे' म्हणून परत करतात, म्हणून हे पत्र. इथून पुढचं त्यांना मोठ्याने वाचून दाखव, मधे काही गाळू नकोस.

अण्णा, स्लॅब चांगला झाला. तुमच्यासाठी काही काम आहे का, हे मी मॅडमना विचारलं. नाही म्हणाल्या. मी तुम्हाला खोटं सांगून बोलावणार नाही. इथे तुमच्यासाठी काहीही काम नाही. तरी या.

तिचा आणि तुमचाही,
बारक्या