साहेबांच्या घशातले पाहुणे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुम्हा दोघांच्या प्रकृती बऱ्या असतील आणि दाजींच्या गुडघ्याने नव्या घरातल्या जिन्याशी एव्हाना समझोता केला असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही ठीक आहोत. ‘ठीक’ हा शब्द लिहिण्याआधी मी बराच वेळ लेखणी हातात धरून बसलो होतो, एवढं फक्त कळवतो.

मोर-लांडोरी आमच्याकडे सोडून नव्या घरी जाताना तू म्हणालीस, “चारच तर पक्षी आहेत. दाणे टाकायचे, पाणी ठेवायचं, संपलं.” तू आठ वर्षांनी मोठी, म्हणून जास्त बोलत नाही. पण ताई, संपलं नाही, तिथून सुरू झालं. तुझ्या तिन्ही लांडोरी (आम्ही त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणतो) आल्या दिवसापासून माझ्या पुस्तकबांधणीच्या खोलीतली खळ खात होत्या. त्याबद्दल मी तक्रार केली नाही. ती ज्यांच्या पुस्तकांची पानं सुटली, त्या गिऱ्हाइकांनी केली. पण महिन्याभरात मोराचं, म्हणजे साहेबांचं, काहीतरी बिनसलं. मान लांब करायची, चोच उघडायची आणि आवाज मात्र काढायचा नाही. मधूनच डोकं झटकायचं. मी बांधलेलं पुस्तक वाळत ठेवलं, की नेमके तेव्हाच समोर येऊन मान झटकायचे, त्यामुळे कितीतरी दिवस मला वाटत होतं, यांना माझं काम पसंत नाही.

तुझ्या भावजयीने निदान केलं अशक्तपणाचं. (माझ्या गेल्या तीस वर्षांतल्या सगळ्या आजारांचंही तिने हेच निदान केलेलं आहे.) उपाय म्हणून ती नळामागची ओली माती उकरून रोज वाटीभर गांडुळं काढायची आणि साहेबांना हाताने भरवायची. “खाऊ दे बिचाऱ्याला, अंगी लागेल,” म्हणायची. लागलंच. एके सकाळी साहेब भिंतीवर चढलेच नाहीत. पंख पाडून कोपऱ्यात बसले होते आणि प्रत्येक श्वासाला घशात घरघर. तुझी भावजय हातातला चहा तसाच टाकून उठली. कपड्यांच्या टोपलीत साहेब, टोपलीबाहेर दीड माणूस लांब पिसारा, अशी आमची वरात जनावरांच्या दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाईंनी चोच उघडून आत दिवा धरला आणि म्हणाल्या, “श्वासनळीत जंत झालेत. गांडुळं खातो का?” मी तुझ्या भावजयीकडे पाहिलं. ती भिंतीवरचं गायीच्या पोटाचं चित्र फार लक्ष देऊन बघत होती.

गांडुळाच्या अंगात या जंतांची पिल्लं दबा धरून असतात म्हणे. मोराने गांडूळ खाल्लं, की ती त्याच्या श्वासनळीत येऊन बिऱ्हाड करतात. बाई म्हणाल्या, “आणखी आठ दिवस थांबला असतात, तर गुदमरून गेला असता.” परतीच्या वाटेवर टोपली तिने मला धरू दिली नाही.

पुढचं काम चौघांच्या शिटेचे नमुने आणण्याचं. ताजे आणि वेगवेगळे. ताई, मी प्रतिष्ठित माणूस आहे. पण त्या सकाळी हातात चार डब्या घेऊन मी धाकटीच्या मागे दोन तास हिंडलो. ती थांबली की मी थांबायचो, आणि ती वळून बघायला लागली की मी ढगांकडे बघायचो. शेजारचे शिंपी हा सगळा प्रकार मशीन बंद करून बघत होते. तपासणीत चौघांकडेही जंतांची अंडी निघाली. औषध वजनावर द्यायचं, म्हणून आधी मी एकटा काट्यावर, मग साहेबांना घेऊन काट्यावर. साहेब पाच किलो भरले. माझं वजन तुझ्या भावजयीने मोठ्याने वाचलं.

औषध पहिल्या दिवशी पाण्यात कालवलं. चौघंही ते सोडून शिंप्यांच्या कुंड्यांतलं पाणी पिऊन आले. दाण्यांना चोळलं, तर साहेबांनी तेवढे दाणे निवडून बाजूला ठेवले. शेवटी उकडलेल्या अंड्यात गेलं. (पक्ष्याला अंडं कसं चालतं, हे मलाही विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.) तिसऱ्या दिवशी दुपारी जंत सुटायला लागले, तसा साहेबांना असा ठसका लागला की आम्हाला वाटलं, आटोपलं. या पक्ष्यांना आजवर ‘तुमच्या ताईंचा पसारा’ म्हणणारी तुझी भावजय साहेबांना मांडीवर घेऊन, मान सरळ धरून, तासभर भुईवर बसून होती. माझ्याशी बोलली नाही, साहेबांशीच बोलत होती. “चुकलं माझं,” म्हणत होती. तीस वर्षांत हे वाक्य मी प्रथमच ऐकलं, तेही दुसऱ्याला उद्देशून.

आठव्या दिवशी सकाळी साहेब केकाटले. शिंप्यांनी दचकून सदऱ्याची बाही उलटी लावली. तुझी भावजय स्वयंपाकघरात पदराने डोळे पुसत होती, कांदा कापत असल्याचं तिचं म्हणणं. कांदा दिसला नाही.

आता घरात नवा कायदा आला आहे. अंगणातली वरची माती खरवडून कोरडी वाळू टाकायची, दाण्याची भांडी उंचावर टांगायची, शीट रोज उचलायची, शिंप्यांच्या कोंबड्यांना आत येऊ द्यायचं नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा औषध आणि दर तीन महिन्यांनी डब्या. तुझ्या भावजयीने तक्ता करून दारामागे लावला आहे. सगळ्या रकान्यांत माझंच नाव आहे. थोडक्यात, पक्षी पाळण्याचा माझा या जन्माचा वाटा पुरा झाला. दाजींना नमस्कार.

तुझा कंबर धरलेला,
भाऊ

ता. क. तुमच्या पलीकडच्या गल्लीतल्या घड्याळजींकडे एक पांढरी लांडोर आहे आणि त्यांना ती कुणाला तरी द्यायची आहे, असं दाजी मागे म्हणाले होते. सहज चौकशी कर. दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका म्हणावं. आधी शिटेचा नमुना तपासून घे, सोबत डबी पाठवतो आहे. आणि हे तुझ्या भावजयीला कळता कामा नये.

ता. ता. क. वन्सं, पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं. लांडोर जरूर पाठवा. नवा पक्षी महिनाभर वेगळा ठेवावा लागतो, म्हणून यांची बांधणीची खोली मी कालपासूनच रिकामी करायला घेतली आहे. यांना अजून सांगितलेलं नाही.