नमुन्याच्या फ्रेममागे

शुक्रवार, ६ मार्च

"लागली तर काय कराल?" शिट्टीने आज पुन्हा विषय काढला. दर शुक्रवारी काढतो. लॉटरीचं तिकीट आलं की त्याला कंठ फुटतो. एरवी काच कापताना नुसती शिट्टी, म्हणून तर नाव पडलं.

काका म्हणाले, दुकानाला कुलूप घालून रोज दहापर्यंत झोपेन. शिट्टी म्हणाला, "कुलूप कशाला? मला विका. रस्त्याकडची भिंत पाडतो आणि अख्खी काच बसवतो!" मालक आणि कारागीर, दोघांचं ठरलेलं. मी म्हटलं, मी सांगणार नाही. सांगितलं की दुसऱ्यांच्या मनात वाटे पडायला लागतात.

इथे लिहिते. दोन खोल्या. दाराला आतून कडी. बेल वाजली तर आधी ठरवायचं, उघडायचं की नाही. बावीस वर्षं भावाकडे राहते, माझ्या खोलीला कडी नाही. वहिनी "अगं, झोपलीस का?" म्हणत आतच येतात. झोपलेली असले तरी मग नसते!

तिकीट तिघांचं. आकडे कधी बदलत नाहीत — आठ, दहा, बारा, सोळा, वीस. फ्रेमची रोजची मापं. काका आणतात आणि मी ते भिंतीवरच्या नमुन्याच्या फ्रेममध्ये, होडीच्या चित्रामागे ठेवते. वर पुठ्ठा, बारीक खिळे, कागदी टेप, आणि टेपवर तिघांच्या सह्या. सोमवारी तिघांसमोरच उघडायचं. सह्यांची युक्ती माझी. "तुला देवावर तरी भरवसा आहे का गं?" काका म्हणाले होते. हसले होते, पण सही केली.

आज माझा आरसाही उरकला. उरलेल्या पट्ट्यांचा, नमुन्याच्याच मापाचा. दोन्ही पाठी एकदमच बंद केल्या. आरसा काखोटीला मारून घरी आणला, पलंगासमोर टांगला. काच जरा खुळखुळते. शिट्टीने सैल कापली — फुकटचं काम ना!

रविवार, ८ मार्च

आठ. दहा. बारा. सोळा. वीस.

टीव्हीवर. एकामागून एक. माझ्या हातातला कप हातातच राहिला.

"काय गं, चेहरा का असा?" वहिनी. डोकं दुखतंय म्हटलं. अवाक्षर काढलं नाही. भाऊ तर लगेच कागद-पेन घेऊन बसला असता.

खोलीत येऊन आरशासमोर बसले. खुळ्यासारखी हसत होते. तिघांत वाटूनही जन्म निघेल! खिडकी पूर्वेला हवी. वहिनींना नवा मिक्सर आणि दुरून नमस्कार. नाही, मिक्सरही नको — एक दिला की दुसरं मागतील.

सोमवार, ९ मार्च

नाही.

टेप धड, सह्या धड. काकांनी स्वतः टेप कापली, मी खिळे काढले, पुठ्ठा उचलला. होडीची पाठ. कोरी.

शिट्टीने खिसे उलटे करून दाखवले. कोणी सांगितलं होतं? काका स्टुलावर बसले ते बसलेच. मी म्हटलं, मी ठेवलं होतं, स्वतःच्या हाताने. "तूच ठेवतेस गं नेहमी," काका म्हणाले. "नेहमी" का म्हणाले?

मंगळवार, १० मार्च

काका की शिट्टी?

काकांना फार वाईट वाटलंय. जरा जास्तच वाईट वाटलंय. पण त्यांचे हात थरथरतात, टेप उचलून पुन्हा जशीच्या तशी चिकटवणं त्यांना जमायचं नाही. ते जमतं एकाच माणसाला. काचेवर केसाएवढी रेघ मारणाऱ्याला!

टेप भिंगाखाली पाहिली. एक कडा किंचित तिरकी आहे. मी तिरकी लावत नाही.

शुक्रवार, १३ मार्च

शिट्टीने शिट्टी वाजवली नाही. अख्खा दिवस.

बुधवार, १८ मार्च

दोन दिवस रजा घेऊन आला. पुढचा दात नवा! पांढराशुभ्र. म्हणे साडू दातांच्या कारखान्यात आहे, स्वस्तात बसवला. म्हणे दात पडल्यामुळे शिट्टी वाजत नव्हती. सगळ्याला उत्तर तयार. खऱ्या माणसाला एवढी उत्तरं सुचत नाहीत.

मी म्हटलं, छान दिसतोय. तो म्हणाला, "तुमचा आरसा कसा आहे, ताई?" म्हटलं, खुळखुळतो. "आणा की, बघतो." नको, म्हटलं. घरातली वस्तू याच्या हातात कशाला द्या!

सोमवार, २३ मार्च

तो जेवायला गेला तेव्हा त्याचा खण उघडला. हो, उघडला. कापडात गुंडाळलेला त्याचा काच कापायचा हिरा, आणि खाली दुकानाचं चित्र. पेन्सिलीने, फूटपट्टी लावून. भिंत नाही, सगळी काच. माझं टेबल खिडकीपाशी हलवलंय. वर लिहिलंय — ताईंना उजेड लागतो.

कागद जुना वाटला, घडीवर फाटलेला. पण कागद जुना करणं काय अवघड आहे? काकांना दाखवला. उजेडाची ओळ बोटाखाली झाकून.

मंगळवार, २४ मार्च

काकांनी विचारलं. माझ्यासमोर. आवाज खाली ठेवून.

तो काकांकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. "ताई, तुम्हाला असं वाटतं?" मी म्हटलं, मला काय वाटायचंय, टेप काय सांगते ते बघ. त्याने खण उघडला, हिरा घेतला, खिशात ठेवला. चित्र ठेवून गेला. एकोणीस वर्षं.

खरा असता तर भांडला असता! खरा माणूस असा उठून जातो का?

घरी येऊन जेवले नाही.

रविवार, २९ मार्च

वहिनींनी त्याला पाहिलं म्हणे. खिडक्यांच्या काचांच्या वखारीत, रोजंदारीवर, पाठीवर तावदानं वाहताना. "बिचारा," म्हणाल्या. सोंग आहे, मी म्हटलं. पैसे हातात येईपर्यंत लोक काय काय करतात.

रात्री वाटलं, सोंग करायला इतकी जड काच कोण उचलतं?

गुरुवार, २ एप्रिल

काकांनी लॉटरीच्या कचेरीत फोन केला. बक्षीस अजून कोणी नेलेलं नाही. मुदत मंगळवारी संपते. मग तो थांबलाय कशाला? काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दुकानात आता दोनच माणसं उरलीत आणि दोघं एकमेकांकडे पाठ करत नाहीत.

रविवार, ५ एप्रिल

सकाळी वहिनींनी दार आपटलं आणि आरसा पुन्हा खुळखुळला. डोकं फिरलं. उतरवला, पलंगावर पालथा घातला. वाटलं, पुठ्ठ्याची घडी घालून काच घट्ट करावी. टेप कापली. खिळे काढले.

आठ, दहा, बारा, सोळा, वीस.

त्या दिवशी दोन्ही फ्रेमा टेबलावर पालथ्या होत्या. एकाच मापाच्या. पालथ्या फ्रेमला ना चित्र असतं ना काच, नुसती पाठ. मी ठेवलं, स्वतःच्या हाताने. काखेत कळसा म्हणतात. मी तर महिनाभर त्यात तोंड बघत होते!

काच मापात आहे. मी फूटपट्टी लावून पाहिली. खिळे मी आखूड मारले होते.

काकांना काय सांगू? सापडलं म्हणून? घरी, माझ्या आरशामागे, मुदतीच्या दोन दिवस आधी? कोण विश्वास ठेवेल? दुसऱ्या कोणी मला हे सांगितलं असतं तर मी ठेवला असता? नसता.

चपला पायात घालूनच लिहितेय. तिकीट मुठीत आहे. आधी त्याच्याकडे जायचं, मग काकांकडे. दारापर्यंत गेले आणि परत आले. एकोणीस वर्षं शेजारी बसून काम केलं. तो राहतो कुठे, हे मी कधी विचारलंच नाही.