दोन लाख चाळीस हजार कुठे गेले

आबा, काल मी काकांकडे जाऊन आले. मंगळवार पेठेतल्या त्याच दोन खोल्यांत ते अजून राहतात. तुम्ही गेल्यापासून आपल्या घरातलं कुणी त्यांच्या दारात गेलं नव्हतं. मी का गेले ते तुम्हाला सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर त्या दुपारपासून सुरुवात करावी लागेल. तिच्याबद्दल आपल्या घरात नंतर कुणी बोललं नाही.

मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. आई चुलीवर भाकरी करत होती आणि काका ताटावर बसले होते. सकाळपाळी संपवून ते नेहमी आपल्याकडेच जेवायचे. तुम्ही सीएकडून थेट स्वयंपाकघरात आलात, पायातल्या चपलांसकट. आई ओरडली तरी ऐकलं नाहीत. हातात वर्षाचा ताळेबंद होता. "एक लाख ऐंशी हजार नफा हाय!" म्हणालात. आपल्या चार लेथच्या कारखान्याला एवढा नफा कधीच झाला नव्हता. आईला म्हणालात, "तुझ्या गहाण पाटल्या सुटल्या म्हण." आई तव्याकडे बघत हसली. तुम्हाला इतकं खूश मी फार वेळा पाहिलेलं नाही.

काका भाकरी मोडत म्हणाले, "दादा, नफा असंल. बँकेत काय न्हाय पण. शनिवारचा पगार कुठनं करायचा ते सांग."

तुम्ही आधी हसलात. मग कागद ताटाशेजारी ठेवलात आणि त्यावर बोट ठेवून सावकाश बोललात. "गेल्या मार्चला बँकेत साठ हजार हुतं. वर एक लाख ऐंशी मिळवलं. दोन लाख चाळीस हजार झालं की. कुठं हायत?"

"पुण्याच्या कंपनीनं बिलं अडकवल्यात. कास्टिंग आणून टाकलंय. नवा लेथ घेतला न्हाय व्हय?"

"पुण्याची बिलं नफ्यात धरल्यातच की! आनि तीच परत वजा करतोस? मला काय बालवाडीतलं पोरगं समजलास?"

मशीन आणि माणसं तुमच्याकडे, बँक आणि रोकड काकांकडे, अशी तुमची पहिल्यापासूनची वाटणी होती. त्यामुळे पुढे काय येणार हे स्वयंपाकघरात सगळ्यांनाच कळलं. चोरी हा शब्द तुम्ही उच्चारला नाहीत. "माझं काय न्हाय," एवढंच म्हणालात, "वाडीला चल. दत्तासमोर शपथ घे, म्हंजे झालं." आणि ताटावर न बसताच निघून गेलात. काका बराच वेळ भाकरीचा तुकडा हातात धरून बसून होते.

पौर्णिमेला तुम्ही खरोखर त्यांना घेऊन नृसिंहवाडीला गेलात. आई आणि मी बरोबर होतो. काका घाटाच्या पायऱ्या उतरले, पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. वर येताना अर्ध्या वाटेत पायरीवर थांबले. तुम्ही दर्शनाच्या रांगेत उभे होतात. ते तिथूनच म्हणाले, "शपथ चोराला घालत्यात, दादा. मी न्हाय घेणार." रांगेतली माणसं वळून बघायला लागली. तुम्ही म्हणालात, "बघा. कळलं का?" काका कुणाकडेही न बघता एसटी स्टँडकडे चालायला लागले. आपण प्रसाद घेतला, कुंदा-बासुंदी घेतली, सगळं नेहमीसारखं केलं. परतीच्या गाडीत तुम्ही आईला एवढंच म्हणालात, "हात स्वच्छ असता तर घेतली असती."

त्यानंतर वर्षभरात कारखाना विकला. काका दुसऱ्याच्या शॉपमध्ये पाळीवर जायला लागले. तुम्ही घरी बसलात, आणि मग आपल्याला फार वेळ मिळाला नाही. तुम्हाला नेलं त्या दिवशी काका रस्त्याच्या पलीकडे पानपट्टीपाशी उभे होते. तुमच्या सख्ख्या भावाने खांदा दिला नाही आणि त्यांना कुणी बोलावलंही नाही.

मी आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये काम करते. तिथे दर मार्चनंतर कॅश फ्लो काढावा लागतो. तुमच्या वेळी छोट्या कारखान्यांना कुणी तो मागत नसे आणि आपला सीए तो करत नसे. ताळेबंद एका दिवसाचा असतो, आबा. एकतीस मार्चला आपलं काय आहे आणि आपण कुणाला काय देणं लागतो, एवढंच तो सांगतो. वर्षभरात पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे हवं असेल तर दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवायचे आणि एकेक ओळ दुसऱ्यातून वजा करायची. जो फरक येतो त्यातच पैशाची वाट असते. आमच्या साहेबांनी मला हे शिकवलं तेव्हा मला ताटाशेजारचा तुमचा कागद आठवला होता. तरी घरी येऊन आपले जुने ताळेबंद काढायला मी कित्येक वर्षं लावली.

गेल्या रविवारी काढले. आई समोर मेथी निवडत होती. तुमच्या एक लाख ऐंशी हजारांपासून सुरुवात केली. त्यात घसाऱ्याचे चाळीस हजार मिळवले, कारण तो खर्च कागदावर लिहिला होता, कुणाच्या हातात दिला नव्हता. मग पुण्याची येणी. ती वर्षात एक लाख वीस हजारांनी वाढली होती. ती विक्री नफ्यात धरली होती, हे तुमचं अगदी बरोबर होतं. पण धरली होती म्हणूनच वजा करायची, कारण पैसा पुण्यातच होता. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव कच्च्या मालाचा, साठा ऐंशी हजारांनी वाढला होता. माल शिल्लक होता म्हणून तो खर्चात आला नाही आणि नफा कमी झाला नाही, पैसे मात्र गेले. नव्या लेथला बँकेच्या कर्जाशिवाय आपण स्वतःचे पन्नास हजार घातले होते. जुन्या कर्जाचं तीस हजार मुद्दल फेडलं होतं, तेही नफ्यात दिसत नाही. सगळं करून उणे साठ हजार आले. सुरुवातीचे साठ हजार त्यातच संपले. खात्यात काही नव्हतं, ते बरोबर होतं. काकांनी ताटावर बसून सांगितलं होतं तेवढंच आणि तसंच घडलं होतं. कुणीही एक रुपया घेतला नव्हता.

हे कळून काय झालं, आबा? कारखाना नाही, तुम्ही नाही. मी आईला सांगितलं तर ती निवडलेली मेथी परत निवडायला लागली. मग म्हणाली, "भाऊजींना सांग जा."

म्हणून काल गेले. काकूंनी चहा केला. काकांना आता एका डोळ्याने नीट दिसत नाही. मी कागद पुढे केला तर त्यांनी हातात घेतला नाही.

"काय हाय?"

मी समजावून सांगायला लागले. मी येणी हा शब्द काढला तेव्हा त्यांनी हात वर केला. "मला काय शिकवतीस? मी हेच सांगत हुतो की. ताटावर बसला न्हाय त्यो."

"काका, आबांना हिशेब कळला नव्हता."

"हिशेब न्हाय कळला, चालतंय. लई जणांस्नी कळत न्हाय." थोडा वेळ ते बशीत फुंकर मारत राहिले. "तीस वर्सं एका घरात जेवलो त्याच्यासंगं. त्यासाठी बी कागद लागतोय व्हय?"

मी म्हटलं, चुकलं त्यांचं. तुमच्या वतीने म्हटलं. ते काहीच बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, "जेवून जा." काका म्हणाले, "तिला उशीर हुतोय, जाऊ दे." कागद मी परत घेऊन आले. निघताना ते म्हणाले होते, "ज्याला दाखवायचा त्याला दाखीव."

तो तुम्हाला कुठे दाखवू हे मला माहीत नाही. इथे लिहिलं आहे, तेवढंच.

घरी आले तेव्हा आई दारातच उभी होती. "काय म्हणाले भाऊजी?" मी चप्पल काढताना तिच्याकडे बघितलं नाही. म्हटलं, "रडले. दादावरचा राग कधीच गेलाय म्हणाले." आई बऱ्याच वर्षांनी तुमच्या फोटोपुढे बसून रडली आणि नंतर पोटभर जेवली. तिला खरं काय ते सांगणार नाही, आबा. ते काही बोलले नाहीत, हे फक्त तुम्हाला सांगते.